पेसमेकर बसवल्यावरही धडधड: काही महिन्यांच्या वापरानंतर

पेसमेकर बसवून बरेच महिने झाले. डोळ्यांपुढे अंधारी येणं थांबलं, दोन मजले न थांबता चढता येतात. त्या बाबतीत यंत्राला पैकीच्या पैकी गुण. पण धडधड? ती आहेच. आधीपेक्षा कमी, पण आहे. आणि डिस्चार्जच्या कागदावर हात खांद्याच्या वर नेऊ नका, जखम ओली करू नका असं सगळं होतं, धडधडीबद्दल मात्र एक ओळ नव्हती. म्हणून हे सविस्तर.

माझा आजार सिक सायनस सिंड्रोम. म्हणजे हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी मूळ जागाच थकलेली. कधी ठोके पस्तिसावर यायचे, तर कधी अचानक सुसाट सुटायचे. दोन तारांचं यंत्र बसवलंय, एक तार उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, दुसरी खालच्या. किमान वेग 60 वर ठेवलाय. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पेसमेकर ठोके 60 च्या खाली जाऊ देत नाही, पण हृदय आपणहून पळायला लागलं तर त्याला धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. हातात चाबूक आहे, लगाम नाही.

पहिल्या काही आठवड्यांत मला सर्वांत जास्त छळलं ते सेन्सरने. चालायला लागलं की शरीराची हालचाल ओळखून यंत्र वेग वाढवतं, ही सोय चांगलीच. पण खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडीत जाताना मी नुसती बसलेली, तरी ठोके शंभरच्या आसपास! हादरे बसतात आणि यंत्राला वाटतं बाई चालतायत. उलट व्यायामाच्या सायकलवर पाय गरगर फिरतात, छाती मात्र स्थिर, तेव्हा ते ढिम्म. टेक्निशियनने सेटिंग जरा मवाळ केल्यावर गाडीतला त्रास जवळपास गेला. बाहेरूनच होतं हे, छातीवर एक चकती ठेवून, काही मिनिटांत.

दुसरा प्रकार चुकलेल्या ठोक्याचा. एका रात्री छातीत धप्प, मग पोकळी, परत धप्प, असं चालू होतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर नाडी 40. किमान 60 ठेवलेलं यंत्र अंगात असताना 40! बॅटरी गेली की तार सुटली, काय काय मनात आलं. दुसऱ्या दिवशी ईसीजीत उलगडा झाला. खालच्या कप्प्यातून वेळेआधीच एक जादा ठोका पडत होता, प्रत्येक नेहमीच्या ठोक्यामागे एक. हृदय पुरतं भरायच्या आत पडलेल्या ठोक्यात जोर नसतो, तो बोटापर्यंत पोचत नाही, म्हणून ऑक्सिमीटर तो मोजतच नाही. पेसमेकरला मात्र तो दिसतो, आणि तो तिथून नव्याने घड्याळ लावतो. 60 च्या हिशोबाने एक सेकंद थांबायचं, मग पुढचा ठोका. तेवढ्या वेळात हृदय जास्त भरतं, म्हणून तो ठोका धप्पकन जाणवतो. तेव्हापासून नाडी विचित्र दिसली तर मी ऑक्सिमीटरवर विसंबत नाही, ईसीजी काढून घेते.

तिसरा प्रकार एट्रियल फिब्रिलेशनचा. वरचा कप्पा मिनिटाला तीनशेच्याही वर वेगाने नुसता थरथरतो. यंत्र ते ओळखतं आणि वरच्या कप्प्याच्या मागे धावणं सोडून वेगळ्या पद्धतीवर जातं, पण हृदयाच्या स्वतःच्या वाटेने जे वेडेवाकडे ठोके खाली उतरतात ते अडवू शकत नाही. ते जाणवतात. मजा म्हणजे यंत्र याची तारीख-वेळेसकट नोंद ठेवतं. मी वहीत वेळ, काय करत होते आणि किती वेळ चाललं एवढंच लिहून ठेवते. तपासणीला दोन्ही शेजारी ठेवलं, तर माझ्या काही धडधडींची यंत्रात नोंदच नव्हती, आणि यंत्रातल्या काही मोठ्या नोंदी मला जाणवल्याही नव्हत्या. वही नसती तर हे कळलंच नसतं. माझ्या लेखी या यंत्राचा खरा फायदा हा.

आणि लगामाचं म्हणाल तर तो गोळीने लागतो. वेग कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी मला आधी देताच येत नव्हती, कारण मुळातच मंद असलेलं हृदय आणखी मंदावलं असतं. आता खाली पेसमेकर उभा आहे, म्हणून ती सुरू करता आली. सुसाट सुटणं त्यानंतर खूपच कमी झालं.

काही मॉडेल रात्री ठरावीक वेळी तारांची चाचणी स्वतःच घेतात, तेव्हा क्षणभर काही ठोके वेगळे जाणवू शकतात. रोज त्याच सुमाराला होत असेल तर डॉक्टरांना विचारा. एकच तार असलेल्यांना गळ्यात ठोके उडणं, थकवा, गरगरणं असं होत असेल तर तेही अंगावर काढू नका, वरचा आणि खालचा कप्पा यांचा मेळ बसत नसेल. पोटाच्या वरच्या भागात उचकीसारखे झटके बसत असतील तर तार तपासून घ्यायची. धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर वहीबिही बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जायचं.

सध्या माझा प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. नोंदी किती लांबीच्या आहेत, वय, रक्तदाब, साखर हे सगळं बघून डॉक्टर ठरवणार आहेत. पुढच्या तपासणीला यंत्रातला रिपोर्ट छापून मागितलाय.