ट्रॅक्सस टीआरएक्स-४ स्पोर्ट किट: नागपूरच्या दगड-गोट्यांवर चालवून लिहितोय

पहिलेच सांगून टाकतो. रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारी रिमोटवरची छोटी गाडी, घ्यायचा असेल अन् स्वतःच्या हातानं खोलायला-जोडायला आवडत असेल तर तयार गाडीच्या मागं लागू नका, स्पोर्टचा किट घ्या. अन् किट घेतल्यावर जे पैसे हातात राहतील ते मोटरवर घालू नका. टायर, सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) अन् खालचं वजन, ह्याच्यावर घाला. आपल्याकडे जो तो आधी विचारतो, भाऊ, पळते किती. अरे क्रॉलर पळवायचा नसतोच. माणसाच्या चालीनं जायचं, एक चाक हवेत लटकलं तरी बाकी तिघांनी गाडी ओढून न्यायची, अन् जिथं आपल्यालाच हात टेकून चढावं लागेल तिथून गाडी सरळ वर काढायची, सगळी मजा त्याच्यात आहे.

टीआरएक्स-४ हे मॉडेल २०१७ ला आलं, लँड रोव्हर डिफेंडरच्या बॉडीत. पोर्टल एक्सल, रिमोटवरून लॉक-अनलॉक होणारे पुढचे-मागचे डिफरेन्शियल (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, थोडक्यात डिफ), हाय अन् लो असे दोन गिअर, सगळा थाट होता. स्पोर्ट म्हणजे त्याचाच साधा भाऊ. पोर्टल एक्सल तेच, लोखंडी शिडीसारखी फ्रेम तीच, पण डिफ कायमचे लॉक अन् गिअर एकच. वाचताना कमी वाटतं, मला मात्र हेच पटलं, कारण गोट्यांवर डिफ उघडा ठेवून करायचं काय, ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरत बसणार. डिफ लॉक करायचे अन् गिअर बदलायचे छोटे सर्वो नाहीत म्हणजे तारा कमी, पाणी-माती शिरायला जागा कमी, वर वजनही कमी. वळायला जागा जास्त लागते हे खरं आहे, अरुंद जागेत दोनदा मागेपुढे करावं लागतं, ते धरूनच घ्या. पुढे-मागे वाटलंच तर दोन गिअर अन् लॉकर नंतरही बसवता येतात.

आता पोर्टल एक्सल, कारण ह्या गाडीत खरे पैसे वसूल होतात ते इथेच. साध्या एक्सलमध्ये चाकाचा मध्य अन् एक्सलचा मध्य एकाच रेषेत असतो. पोर्टलमध्ये चाकापाशी गिअरची एक छोटी डबी असते, वरच्या गिअरला एक्सल अन् खालच्याला चाक, त्यामुळे अख्खा एक्सल चाकाच्या मध्याच्या वर उचलला जातो अन् डिफचा जो गोळा गोट्यावर अडकतो तो अडकेनासा होतो. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला हीच रचना आहे. दुसरा फायदा लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. गिअरिंगचा शेवटचा टप्पा चाकापाशीच होतो म्हणून मधल्या शाफ्टवर ताण कमी येतो, अन् चढावर थ्रॉटल दिला की गाडीचा एक खांदा जो खाली दबतो, टॉर्क ट्विस्ट म्हणतात त्याला, तो ह्या गाडीत फारच थोडा. गाडी सरळ उभी राहून चढते, बघायला सुद्धा छान वाटतं. बदल्यात पोर्टलचा आवाज येतो, बारीक कुईई असा, तो राहणारच.

मागवण्याचं म्हणाल तर वस्तू बाहेरून येते. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली अन् २०२३ ला ७० टक्के, त्याच्यावर परत जीएसटी अन् शिपिंग. म्हणून तिकडची किंमत बघून हिशोब करू नका, ऑर्डर टाकायच्या दिवशी दर काय आहे ते बघा अन् घरी पोचल्यावर किती पडेल ते आधी लिहून काढा, मगच बटन दाबा.

जोडणीबद्दल. पाकिटं पायरीप्रमाणे वेगवेगळी येतात, चित्रं इतकी स्वच्छ आहेत की इंग्रजी वाचायची फारशी गरज पडत नाही. हेक्स ड्रायव्हर चांगले घ्या, १.५, २ अन् २.५ मिमी, टोक कडक स्टीलचं. किटच्या बॉक्समधल्या वाकड्या ॲलन कीवर अख्खी गाडी जोडू नका, स्क्रूचं डोकं गोल झालं की मग रडायला होतं. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू जातो तिथं आधी उलटा फिरवायचा, आटा बसल्याचा बारीक टक् लागतो, मग सुलटा आवळायचा. अन् निळं थ्रेडलॉक फक्त लोखंड-लोखंड जिथं भेटतं तिथंच, प्लॅस्टिकला ते लागलं की प्लॅस्टिक तडकतं.

शॉक अब्जॉर्बरमध्ये ऑइल भरायला मात्र घाई करू नका, हे काम संध्याकाळी निवांत बसून करायचं. शॉकची बॉडी उभी धरायची, पिस्टन खाली, सिलिकॉन ऑइल काठाशी येईपर्यंत भरायचं, अन् पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा, वर बारीक बुडबुडे येऊन राहतात. आता ते तसंच ठेवून द्यायचं. बाजूचा शॉक घ्यायचा. परत येऊन बघितलं की तळातून अजून एखादा बुडबुडा निघालेला असतो. तो गेल्यावर पुन्हा काठोकाठ भरून टोपण लावायचं, जादाचं ऑइल बाजूनं ओघळू द्यायचं अन् पुसून घ्यायचं. नीट भरलेला शॉक दाबला तर आवाज करत नाही. पचक् असा आवाज आला की आत हवा आहे, परत उघडा. चारही शॉक एकसारखे परतले पाहिजेत, नाहीतर आडव्या उतारावर गाडी कुठं कलेल ह्याचा काही नेम नाही. ऑइल मी पातळच ठेवलं, ३० वेटच्या (ऑइलच्या जाडीचा नंबर) आसपास, कारण क्रॉलरला उड्या मारायच्या नाहीत, चाक खड्ड्यात आरामात उतरलं पाहिजे. स्प्रिंगही मऊच.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी हॉबीविंगचा क्विकरन १०८० ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) टाकला, साध्या ब्रशवाल्या मोटरसाठी. ह्याच्यात ड्रॅग ब्रेक प्रोग्राम कार्डावरून वाढवता येतो, म्हणजे चढावर बोट ट्रिगरवरून काढलं तरी गाडी जागच्या जागी थांबते, मागे घरंगळत नाही. क्रॉलरला हे नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे. मोटर ३५ टर्नची (म्हणजे आत तारेचे ३५ वेढे) ५४० साइज, हळू अन् दमदार. टर्न जितके जास्त तितका वेग कमी अन् हळू चालीत ताबा जास्त. बॅटरी थ्री-सेल.

सर्वोवर कंजूषी करू नका. दोन दगडांच्या फटीत चाक अडकलंय अन् तुम्हाला ते वळवायचंय, तिथं २५ किलो ताकदीचा मेटल गिअरवाला सर्वो लागतो, अन् नुसता सर्वो घेऊन भागत नाही, त्याला वेगळा बीईसी (सर्वोला ठराविक व्होल्टेज पुरवणारं छोटं सर्किट) पण लावा. जोराच्या सर्वोनं एकदम करंट ओढला की रिसीव्हरचं व्होल्टेज पडतं अन् गाडी क्षणभर बधिर होते, नेमकी कड्याच्या टोकावर. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी स्वस्तातला २५ किलो लिहिलेला सर्वो घेतला होता, उघडून बघितलं तर आतला एक गिअर चक्क प्लॅस्टिकचा. स्टिकरवर जाऊ नका, रिव्ह्यूमध्ये कुणी खोलून फोटो टाकलेत का ते बघा.

आता वजन. भाऊ, ह्याच्यावर मी कितीही बोलू शकतो.

गाडी आडव्या उतारावर का पलटते? कारण वजन वर आहे. पोर्टलमुळे गाडी आधीच उंच, त्यात बॅटरी वर, बॉडी वर, कुणी वर कॅरिअर लावून जेरीकॅन-टूलबॉक्स सजवतं, दिसायला भारी पण प्रत्येक ग्रॅम पलटी जवळ आणतो. उपाय असा की वजन चाकात अन् एक्सलवर घाला, स्प्रिंगच्या खाली. ते खालीच राहतं अन् वरची बॉडी डोलली तरी गाडी जमीन सोडत नाही. चाकात घालायला बाहेरून महागाचं काही मागवायची गरजच नाही, टायर बॅलन्सिंगच्या दुकानात ५-५ ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात, त्या रिमला आतून गोल लावायच्या. पुढच्या प्रत्येक चाकात दहा तुकडे म्हणजे ५० ग्रॅम, मागे निम्मे किंवा अजिबात नाही. पुढे जास्त काऊन? चढताना सगळं वजन मागे सरकतं, तोंड हलकं असलं की गाडी मागच्या मागे उलटते. बॅटरी पण मी ह्याच कारणानं पुढे एक्सलच्या जवळ नेली.

एक्सलसाठी पितळ घेतलं. ॲल्युमिनियम घनसेंटीमीटरला २.७ ग्रॅम, पितळ साधारण ८.५, तेवढ्याच जागेत तिप्पट वजन. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला एक लेथवाले काका आहेत, त्यांच्याकडे ५० बाय २० बाय ६ मिमीची पितळी पट्टी कापून, भोकं पाडून, कोपरे गोल करून घेतली. एका अख्ख्या पट्टीचं वजन हिशोबानं ५१ ग्रॅम निघतं, भोकं पाडल्यावर जरा कमी. काकांना मी गाडी दाखवली तर त्यांनी आधी ती हातात घेऊन एक्सल वर-खाली करून बघितला, पट्टी स्टिअरिंग लिंकला कुठं घासेल ते स्वतःच बोट ठेवून सांगितलं, अन् त्या कडेचा उतार जास्त काढून दिला. असं काम बाहेरून मागवलेल्या पार्टमध्ये मिळत नाही. तुमच्या गावात असा कुणी असेल तर आधी त्याच्याकडे जा, ड्रॉइंग कागदावर मिमीमध्ये काढून न्या म्हणजे त्याचाही वेळ वाचतो.

फरक बघायचा असेल तर एक फळी घ्या, गाडी तिच्यावर आडवी उभी करा, फळीची एक बाजू हळूहळू उचला अन् गाडी कोणत्या कोनाला पडते ते मोबाईलच्या लेव्हलवर बघा. वजन टाकण्याआधी अन् टाकल्यावर. मोटर बदलून असा फरक कधीच दिसणार नाही. जास्तही टाकू नका मात्र, चाकातलं वजन फिरवायला मोटर अन् गिअरलाच जोर लागतो.

टायर १.९ इंचाचे, मऊ रबराचे घ्या, अन् रिम बीडलॉकवाली, म्हणजे चिकटवायची भानगड नाही, स्क्रू काढून आतला फोम बदलता येतो. पुढे जरा मऊ फोम, मागे कडक. सेमिनरी हिल्सचा काळा दगड बेसॉल्टचा, खरबरीत, तिथं मऊ टायर अक्षरशः चिकटून चढतो. रामटेक-मनसरकडचा दगड वेगळा, अभ्रक चमकतो त्याच्यात अन् वरचे पापुद्रे सुटून येतात, तिथं टायरची पकड असते पण दगडच हातात येतो. एकाच सेटिंगवर दोन्हीकडे जाऊन गाडीला नावं ठेवू नका. मोकळ्या जागेतच चालवा, चालणाऱ्यांना वाट द्या.

उन्हाळ्याचं नागपूरवाल्यांनी नीट ऐका. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ डिग्री असते, अन् नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हात, आपल्याकडे सावलीतच तेवढं होतं. चालवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, डिकीत सोडून तर अजिबात जाऊ नका. घरी आणून थंड होऊ द्या, अन् चार-आठ दिवस वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. चालवायची वेळ सकाळी सात-साडेसातपर्यंतच. पावसाळ्यात काळी माती हा वेगळा त्रास, ती पोर्टलच्या फटीत अन् बेअरिंगपाशी बसते अन् वाळली की दगड होते. घरी आल्याबरोबर ब्रशनं धुवा, वाळवा, उद्यावर टाकू नका.

बॉडीचं एक मजेशीर गणित आहे. ह्या गाडीला १/१० म्हणतात, पण जुन्या डिफेंडर ११० चा खरा व्हीलबेस (पुढच्या अन् मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर) ११० इंच म्हणजे २७९४ मिमी, अन् टीआरएक्स-४ चा ३२४ मिमी. भागून बघा, साधारण १/८.६ येतं. आमच्याकडे सगळ्यांना पेंचच्या सफारीतली जिप्सी बनवायची असते. तिचा व्हीलबेस २३७५, म्हणजे १/१० ला २३७ मिमी, ह्या चेसिसवर ती बसतच नाही, ओढून बसवली तर भलतीच लांब दिसते. त्यापेक्षा थार रॉक्स घ्या, २८५० मिमी, १/८.८ ला छापली की बरोबर ३२४. थ्रीडी प्रिंटवाल्याला हाच आकडा द्या. प्रिंट जड होते, भिंत पातळ ठेवायला सांगा, नाहीतर खाली टाकलेलं सगळं पितळ वरच्या बॉडीनं खाऊन टाकलं म्हणून समजा. नुसती चालवायचीच असेल तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी बरी, रंग आतून मारायचा अन् पॉलिकार्बोनेटचाच वापरायचा, गाडीच्या गॅरेजमधला रंग पहिल्या पलटीला सोलून निघतो.

कुणी घेऊ नये? लहान पोराला वाढदिवसाला द्यायची असेल तर हा किट नको, त्याला आजच खेळायचं असतं. ज्याला वेगाची हौस आहे त्यानंही घेऊ नये. बाकी ज्याला खोलून बघायची खाज आहे त्यानं डोळे मिटून घ्यावा, अन् त्याच पार्सलमध्ये पोर्टलच्या बेअरिंगचा एक सेट, मधला शाफ्ट, शॉकच्या ओ-रिंगा अन् एम-३ स्क्रूचं पाकीट मागवून ठेवावं, कारण दोनशे रुपयाच्या ओ-रिंगसाठी नंतर वेगळं शिपिंग भरणं परवडत नाही.