कर्ज भावाने घेतलं, फोन मला आले (लोन अ‍ॅपपासून सावध रहा)

मी आजवर एक रुपयाचं कर्ज काढलेलं नाही, तरी गेल्या दिवाळीच्या तोंडावर मला वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले, म्हणून हे लिहितेय, घरातल्या पोराबाळांना पण वाचायला द्या.

माझ्या मावसभावाचा पगार लांबला होता, घरभाडं डोक्यावर, कुणापुढे हात पसरायला नको म्हणून त्याने मोबाईलवर कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून एक लोन अ‍ॅप टाकलं आणि पाच हजार घेतले. जामीन नको काही नको, फक्त आधार, पॅन, एक सेल्फी आणि कॉन्टॅक्ट्स-गॅलरीला 'अलाऊ'. हातात आले ३२००, बाकीचे प्रोसेसिंग फी म्हणून आधीच कापले, आणि सात दिवसांत फेडायचे पूर्ण ५०००. मुदतीच्या आदल्या दिवसापासूनच शिवीगाळ सुरू. त्याने सगळे पैसे भरले तरी थांबेनात, म्हणे दंड बाकी आहे. मग त्याचा साहेब, मुलीच्या शाळेतल्या बाई, गॅसवाला, मी, सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो, वर लाल अक्षरात 'चोर' आणि खाली आधार कार्ड. वहिनीचा लग्नातला फोटो गॅलरीतून उचलून त्याचं जे काही केलं ते इथे लिहवत नाही. ती बाई कितीतरी दिवस जिन्याखाली उतरली नाही.

अलाऊ दाबताना तो म्हणाला होता, माझ्या फोनमध्ये लपवण्यासारखं आहे काय? अडलेला माणूस असाच हिशोब करतो, मी त्याला बोल लावत नाही. पण त्या फोनबुकात आम्ही सगळे होतो, आम्हाला कुणी विचारलं? बिनतारणी कर्ज म्हणतात पण तारण असतंच, अख्ख्या गोतावळ्याची अब्रू असते, आणि ती केवढ्याला तर ३२०० ला!

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलंय. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला की कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोनमधल्या फाईल्स यांना हात लावायचा नाही, आणि २०२३ पासून गूगल प्लेवर पण कर्जाच्या अ‍ॅपला फोटो आणि कॉन्टॅक्ट्स मागायला बंदी आहे. म्हणूनच हे चोर लिंक पाठवून अ‍ॅप टाकायला लावतात. कॉन्टॅक्ट्स मागितले की तिथेच बंद करा, आणि कर्ज नेमकी कोणती बँक किंवा वित्त कंपनी देतेय ते आधी बघा, नाव नसेल तर नकोच.

कुणी अडकलंच असेल तर घाबरून अजून पैसे भरत बसू नका, एकदा भरले की मागणी वाढतच जाते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावा, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. आणि लाज सोडून फोनमधल्या सगळ्यांना एक मेसेज करा की माझ्या नावाने असं काही आलं तर उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा. भावाने हे केलं तेव्हा कुठे फोन थांबले.