कालवं: कच्ची की शिजवलेली?

बर्फावर मांडून, लिंबू पिळून गिळायची कच्ची कालवं घरीही करून बघावीशी वाटतात. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या किनाऱ्यावरची कालवं घरी कच्ची खाऊ नका. कालव पाणी गाळून जगतं. खाडीत सांडपाणी आलं की उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस आणि कावीळ करणारा हिपॅटायटिस ए हे विषाणू त्याच्या अंगात साठतात. कोमट समुद्रात वाढणारा व्हिब्रिओ हा जिवाणू तर स्वच्छ पाण्यातही असतो आणि यकृताचा आजार असलेल्याच्या तो जिवावर बेतू शकतो. लिंबू, तिखट सॉस, दारू यांनी तो मरत नाही. वासावरूनही कळत नाही.

कच्च्याची खारट, समुद्री चव शिजवल्यावर तशी राहत नाही, हे खरं. पण ओलं खोबरं, आलं-लसूण आणि आमसुलं घातलेलं कालवांचं सुकं काही कमी नाही! शिंपल्यासकट आणलीत तर घट्ट मिटलेलीच घ्या. उकळत्या पाण्यात तोंड उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटं ठेवा. न उघडलेली टाकून द्या. सोललेली कालवं कडा मुरडेपर्यंत, किमान ३ मिनिटं उकळू द्या. आणि त्यांचं कच्चं पाणी लागलेल्या सुरीने कोशिंबीर चिरू नका.