अर्नी शेव्हर्स की जो लुईस: सगळ्यात भारी ठोसा कुणाचा म्हणायचा?

भारी ठोसेबाजांची यादी करायला बसलात आणि पहिल्या नंबरवरच गाडी अडली असेल, तर भांडण बहुतेक दोन जातींच्या बॉक्सरमध्ये असतं. एक शेव्हर्ससारखा, ज्याचा उजवा हात नीट बसला की विषय संपला, आणि दुसरा लुईससारखा, ज्याच्याकडे जोर तर आहेच पण तो समोरच्यापर्यंत पोचवायचा कसा हेही पक्कं माहितीये. मी लुईसच्या बाजूचा, आधीच सांगून टाकतो. पण शेव्हर्सची बाजू काही लेचीपेची नाही.

शेव्हर्सचे 74 विजय, त्यातले 68 नॉकआउट. 1979 मध्ये केन नॉर्टनला पहिल्याच राउंडमध्ये संपवलं. 1977 ला मुहम्मद अलीसोबत पूर्ण 15 राउंड लढून पॉइंट्सवर, म्हणजे जजनी दिलेल्या गुणांवर, हरला, पण नंतर अली म्हणाला होता की शेव्हर्सने असा हाणला की आफ्रिकेतले माझे भाऊबंद पण हादरले. नुसता जोर बघायचा असेल तर त्याचं नाव वर टाका, मी वाद घालणार नाही.

गडबड पुढे आहे. त्याच अलीला त्याने दुसऱ्या राउंडमध्ये चांगलंच हलवलं होतं, पण अलीने नाटकं करून असं भासवलं की आपण मुद्दाम लागल्यासारखं करतोय, आणि शेव्हर्स बिचकला, तुटून पडलाच नाही. 1979 मध्ये लॅरी होम्सला सातव्या राउंडमध्ये सपाट पाडला, होम्स उठला, सावरला आणि अकराव्यात शेव्हर्सचीच हालत बघून फाइट थांबवावी लागली. म्हणजे दोनदा वर्ल्ड टायटल हाताशी येऊन गेलं. ठोसा होताच, पण त्याच्या मागून येणारा दुसरा-तिसरा ठोसा नव्हता आणि दमही टिकत नव्हता.

आता लुईस. 1937 ते 1949 चॅम्पियन, 25 वेळा टायटल राखलं. त्याच्या जुन्या फिल्म बघा, हात लांब मागे नेऊन फिरवणं जवळपास दिसतच नाही, ठोसा जेमतेम वीतभर अंतर कापतो आणि समोरचा खाली. हे मनगटाने होत नाही हो, पाय जमिनीत रोवलेले, कंबर फिरते, खांदा मागून येतो, मूठ फक्त शेवटचं टोक. आणि अंतर कमी म्हणजे समोरच्याला तो येताना दिसतच नाही, जो ठोसा दिसत नाही त्यासाठी मान घट्ट करता येत नाही, डोकं गर्रकन फिरतं आणि माणसाचं भान जातं. उजवा, डावा, हुक (बाजूने वळवून मारलेला), जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) सगळ्यात दम आणि तेही एकामागोमाग एक.

1936 ला मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं होतं, कारण जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात खाली राहायचा आणि श्मेलिंगने ते बरोबर हेरलं होतं. 1938 च्या रीमॅचला फाइट 124 सेकंदांत संपली, आणि त्यात शरीरावर बसलेल्या ठोशाने श्मेलिंगच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. 1941 मध्ये बिली कॉनविरुद्ध 12 राउंड झाल्यावर लुईस पॉइंट्सवर मागे होता, तेरावा संपायला 2 सेकंद राहिले असताना कॉन आउट. इतक्या उशिरा एवढा जोर शिल्लक राहणं, मला तरी हीच खरी परीक्षा वाटते.

अलीकडचा चॅम्पियन डिऑन्टे वायल्डर, त्याचे फॅन इथे आकडे काढतात. 2020 च्या सुरुवातीला 42 विजय, 41 नॉकआउट, आणि 2019 मध्ये लुइस ऑर्टिझकडून प्रत्येक राउंडगणिक मागे पडत असताना सातव्यात एका उजव्या हाताने फाइट उलटवली, हे कमालच होतं. पण टायसन फ्युरीने 2018 ला त्याच्याविरुद्ध बाराव्या राउंडमध्ये पडून उठून दाखवलं, मग त्यांच्या पुढच्या दोन्ही फाइट मध्येच संपवून जिंकल्या. नॉकआउटचा टक्का बघताना समोर कोण होतं हे पण बघा, नाहीतर कुणीही महान दिसतो.

जॉर्ज फोरमन मात्र मजेशीर केस, कारण तो दोन्ही जातीत बसतो. 1973 ला तेव्हाच्या चॅम्पियन जो फ्रेझरला 2 राउंडमध्ये 6 वेळा पाडणारा फोरमन म्हणजे निव्वळ ताकद, आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकेतल्या किन्शासात अलीने त्याला हवेत आणि हातांवर मारायला लावून दमवला आणि आठव्यात झोपवला. 1994 मध्ये 45 वर्षांचा फोरमन पॉइंट्सवर मागे होता, शांतपणे जॅब मारत राहिला आणि दहाव्यात एका आखूड उजव्या ठोशाने मायकल मूररला संपवलं. ताकद काही वाढली नव्हती, उलट वय झालं होतं, फक्त उधळपट्टी बंद केली होती.

हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात वजनदार गटाच्या, बाहेरचे पण धरायचे असतील तर 1957 चा शुगर रे रॉबिन्सनचा जीन फुलमरला मारलेला लेफ्ट हुक बघाच, मागे सरकता सरकता मारलाय. आणि ज्युलियन जॅक्सन, 1990 ला हेरोल ग्रॅहमकडून मार खात होता, डोळा सुजलेला, आणि चौथ्या राउंडमध्ये एकच उजवा. एकाच ठोशाची यादी असेल तर मी जॅक्सनला शेव्हर्सच्याही वर ठेवीन, भांडायचं तर भांडा. पण पूर्ण ठोसेबाज म्हणून नाव द्यायचं असेल तर लुईस, त्याच्या खाली म्हातारा फोरमन, आणि वायल्डर पहिल्या दहात कुठेतरी, कुठे ते तुम्ही ठरवा.