आत्मपर लेखनाची शिकवणी आणि माझे ४५,८९८ रुपये

गेल्या वर्षी जून ते ऑक्टोबर या काळात 'वाचकांच्या मनाला भिडणारे आत्मपर लेखन' शिकवणाऱ्या एका संस्थेने माझ्याकडून ४५,८९८ रुपये उकळले. आधी ९९ रुपयांचे दोन तासांचे ऑनलाइन सत्र, मग १४,९९९ रुपयांचा बारा आठवड्यांचा वर्ग, ही चढण सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. अडाणी होते म्हणून फसले, असे कोणी समजू नये. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आहे. परंतु माझ्या लेखनाला आयुष्यभर एकच वाचक होता, माझे यजमान, आणि ते गेल्यानंतर लिहिलेले वाचून दाखवायला घरात कोणी उरले नव्हते. या माणसांनी नेमकी तीच जागा हेरली.

सहाव्या आठवड्यात मी यजमानांच्या चेतक स्कूटरवर लेख पाठवला. किक मारण्याआधी ती एका अंगाला कलंडवण्याची त्यांची लकब आणि पसरणीच्या घाटात गाडी तापली की वळणावर थांबून गप्पा मारत काढलेली पंधरा मिनिटे, एवढाच त्याचा विषय होता. दुसऱ्या दिवशी 'सरांचा' अभिप्राय आला : "ताई, तुमच्या आजीच्या जात्यावरील ओव्यांनी डोळ्यांत पाणी आणले." माझ्या लेखात आजी नव्हती, जाते नव्हते, ओवी तर नव्हतीच. मी फोन केला, तेव्हा दुसऱ्या विद्यार्थिनीचा अभिप्राय चुकून तुम्हाला आला, असे उत्तर मिळाले, आणि दहा मिनिटांत नवा अभिप्राय आला : "लेख मनाला भिडला, वाक्ये थोडी लहान करा." कोणते वाक्य, ते नव्हते. विद्यार्थ्याची वही न वाचता दिलेला शेरा कसा असतो, हे मला कळायला हवे होते, नव्हे, त्या क्षणी कळलेही होते. तरीही 'मनाला भिडला' हे दोन शब्द मी रात्री चार वेळा वाचले आणि तिसऱ्या दिवशी संग्रह छापण्यासाठी २२,५०० रुपये भरले. या गोष्टीची लाज मला पैशांपेक्षा अधिक वाटते. अशा वर्गात पैसे भरण्यापूर्वी आपले एक पान द्यावे आणि यातले कोणते वाक्य काढाल, असे सरळ विचारावे.

पुढे आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, ४,८०० आणि कॉपीराइट नोंदणीसाठी ३,५०० रुपये घेतले. आयएसबीएन आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. साहित्यकृतीच्या नोंदणीचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि ती नोंदणी सक्तीचीही नाही, कारण लेख लिहिला की हक्क आपोआप लेखकाचाच असतो. पुस्तक आजतागायत आलेले नाही. डिसेंबरात मात्र त्यांच्या नव्या वर्गाच्या जाहिरातीत माझा स्कूटरचा लेख दुसऱ्याच बाईच्या नावाने झळकला, घाट तोच, गप्पा त्याच. जाब विचारला, तेव्हा नोंदणी करताना तुम्ही अटींवर खूण केली आहे, असे सांगण्यात आले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरणाला लेखी आणि सहीचा करार लागतो, आणि हक्क दिले तरी लेखक म्हणून नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे शिल्लक राहतो.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा ठाणे अंमलदार म्हणाले, "बाई, पैसे तुम्ही स्वतः दिलेत, शिकवणी झाली, मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्यांदा जिल्ह्याच्या सायबर कक्षाकडे पाठवले, त्यांनी परत ठाण्याकडे. चौथ्यांदा, संस्थेचा पत्ता पुण्याचा आहे तेव्हा तिकडे जा, असे ऐकवले, वास्तविक गुन्हा कोठेही घडलेला असला तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी ते कलम वाचून दाखवले, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसला. लेख चोरीला गेला, हे तर कोणी कागदावर उतरवूनही घेतले नाही. दागिना गेला असता तर पंचनामा झाला असता. बँकेने, व्यवहार तुमच्याच ओटीपीने झाला, एवढ्या एका ओळीत माझी बोळवण केली. ऑनलाइन फसवणूक झाली, तर १९३० या सायबर मदतवाहिनीच्या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. मी चार महिने थांबले, तोवर खात्यात अडवायला काही उरले नव्हते.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत तिला शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते. पावत्या, जात्याच्या ओव्यांचा तो अभिप्राय आणि लेखाचा पहिला खर्डा असलेल्या वहीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तक्रारीत पहिली मागणी रकमेची नाही, त्या लेखाखाली माझे नाव घालण्याची आहे.