ड्रॅग कारच्या रोल केजसाठी कुठला पाईप घ्यायचा: ०.१३४ माइल्ड स्टील किटचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. गाडी ड्रॅग रेसमध्ये सरळ क्वार्टर माईल, म्हणजे साधारण ४०० मीटर, ९ सेकंदांत मारणार असेल, अधूनमधून रस्त्यावरही काढायची असेल आणि वेल्डिंग कोण करणार हे अजून नक्की नसेल, तर १.७५ इंची, ०.१३४ इंच जाडीचं, आधीच वाकवून येणारं माइल्ड स्टीलच्या रोल केजचं (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाईपांचा पिंजरा) किट घ्या आणि क्रोमोलीचं (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील) भूत डोक्यातून काढा. ५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

गाडी म्हणजे १९८९ ची फोर्डची फॉक्स बॉडी मस्टँग, राहायला न्यू जर्सीत. इथल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर २०१८ मध्ये ड्रॅग रेसिंग बंद झालं तेव्हापासून आमची वारी पेनसिल्वेनियात मेपल ग्रोव्हच्या ट्रॅकवर. टर्बो बसवायच्या आधी गाडी साडेदहा सेकंदांच्या आसपास पळायची आणि तेव्हा साधा रोल बार (ड्रायव्हरच्या मागे फक्त एक कमान) पुरत होता, कारण एनएचआरएचा (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियम असा आहे की ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला तर रोल बार कंपल्सरी आणि १०.९९ किंवा कमी लागला तर केज, पण फ्लोअर आणि फायरवॉल कंपनीचेच असतील, कापाकापी केलेली नसेल, तर १०.०० पर्यंत रोल बारवर भागतं. ९.९९ लागलं किंवा गाडीने १३५ मैलांचा म्हणजे ताशी २१७ किमीचा आकडा गाठला की पूर्ण केज लागतो, वर चॅसी सर्टिफिकेशन, इन्स्पेक्टर बघून जातो आणि स्टिकर लावतो, तो ३ वर्षं चालतो. टर्बो आल्यावर रोल बार की केज हा आमचा प्रश्नच मिटला, केज लागणारच.

आता पाईप. नियमात माइल्ड स्टीलला किमान जाडी ०.११८ इंच आणि ४१३० ग्रेडच्या क्रोमोलीला ०.०८३. लोक काय करतात, ०.१२० चा पाईप घेतात आणि म्हणतात झालं की, ०.११८ च्या वर आहे. अरे पण मध्ये फरक किती, दोन हजारांश इंच! पाईप बनवताना जाडी थोडी इकडेतिकडे होतेच, त्यात बेंड मारला की बाहेरच्या बाजूचा पत्रा ताणला जाऊन पातळ होतो. आणि इन्स्पेक्टर काही डोळ्यांनी बघून पास करत नाही, त्याच्याकडे अल्ट्रासॉनिक गेज असतं. पाईपवर जेलचा थेंब टाकतो, नाण्याएवढा प्रोब टेकवतो आणि आकडा समोर. ०.११६ आला तर तुमचं वेल्डिंग कितीही देखणं असू दे, घरी जा. म्हणूनच चांगली किटं ०.१३४ मध्ये येतात. मी मित्राकडून गेज आणून मेन हूपच्या (ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान) बेंडवर बाहेरून बऱ्याच ठिकाणी मोजलं, ०.१२० च्या खाली आकडा कुठेच गेला नाही. त्यामुळे इन्स्पेक्शनच्या दिवशी पोटात गोळा वगैरे काही आला नाही.

किटमध्ये नसलेल्या दोन-तीन आडव्या बारसाठी सुटा पाईप जवळच्या एका स्टीलवाल्याकडे बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. 'डीओएम आहे' म्हणून भाव डीओएमचा लावला. मी आत बोट घालून फिरवलं तर लांबीच्या दिशेने वेल्डची रेघ हाताला लागतेय, चक्क उंचवटा. बाहेरचा छाप वाचला तर ए५१३ टाईप १, म्हणजे साधा ईआरडब्ल्यू. डीओएम असेल तर टाईप ५ लिहिलेलं असतं. दोन्ही पट्टी गोल वळवून वेल्ड करूनच बनतात हे खरं, पण डीओएम नंतर डायमधून आणि आतल्या मँड्रेलवरून थंड खेचतात, त्यामुळे आतून गुळगुळीत, मापाला नेमका आणि ताकदीला बराच वरचढ असतो. एनएचआरए दोन्ही माइल्ड स्टीलच समजते, म्हणून ईआरडब्ल्यू घेतला तर गुन्हा नाही, पण डीओएमचे पैसे मोजून ईआरडब्ल्यू का घ्यायचा? काउंटरवरच्या माणसाला छाप दाखवला तर तो म्हणे सेम थिंग. मी पाईप तिथेच ठेवला आणि निघालो.

क्रोमोलीबद्दल बोलायलाच हवं, कारण ग्रुपमध्ये कोणीही केजचं विचारलं की पहिला रिप्लाय 'क्रोमोली घे भावा' हाच असतो. मी पुण्यात कॉलेजला असताना बाहाच्या (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये होतो, तेव्हाही हीच साथ होती, भोसरीत टिग वेल्डिंग करणारा शोधत फिरायचो आणि पोस्टरवर ४१३० हा आकडा टीमच्या नावापेक्षा मोठा. क्रोमोली वाईट आहे असं म्हणत नाहीये. पण त्याचा फायदा एकच, वजन. १.७५ इंची ०.१३४ माइल्ड स्टील फुटाला साधारण २.३ पौंड भरतं, ०.०८३ क्रोमोली दीडच्या आसपास. दहा पॉइंटच्या (गाडीला दहा ठिकाणी जोडलेल्या) केजला ७५ फूट धरले तर फरक ६० पौंडांच्या थोडा वर, म्हणजे २८ किलो. ड्रॅगवाल्यांचा जुना हिशोब १०० पौंडाला दशांश सेकंद, म्हणजे क्रोमोलीने मिळाले ०.०६. स्पेअर व्हील, मागची सीट आणि एसी काढला तर त्याहून जास्त मिळतं, आणि फुकट.

बरं, क्रोमोली जास्त 'कडक' असतं हा एक गैरसमज. मोडायला जास्त जोर लागतो हे बरोबर, पण वाकण्याला विरोध म्हणाल तर कुठल्याही स्टीलचा मोड्युलस जवळपास सारखाच, त्यामुळे त्याच व्यासाचा पातळ क्रोमोली पाईप जाड माइल्ड स्टीलपेक्षा लवचिकच निघतो. लाँचला चॅसी पिळवटते म्हणून केज टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि खरी गोम वेल्डिंगमध्ये आहे. ४१३० ला एनएचआरएमध्ये टिगच (हातात वेगळी सळी धरून करायचं नाजूक वेल्डिंग) लागतं, मिग (मशीनमधून तार आपोआप येणारं, सोपं वेल्डिंग) चालत नाही. माइल्ड स्टीलला दोन्ही चालतात. टिगला नॉच (पाईपच्या टोकाला जोडासाठी दिलेला गोल काप) अगदी चिकटून बसला पाहिजे, पाईप अॅसिटोनने पुसलेला पाहिजे, आणि छताखाली उलटं पडून पेडल दाबत वेल्ड करणारा माणूस ताशी किती घेतो ते एकदा विचारून बघा. माझ्या ओळखीच्याने सेम गाडीला क्रोमोली किट घेतलं, किट माझ्या दीडपटीच्या वर आणि लेबर तर विचारूच नका. गाडी आठच्या घरात न्यायची असेल तर तो खर्च समजू शकतो, ८.४९ किंवा त्याहून कमी वेळेला एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षेची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) स्पेकचा चॅसी लागतो आणि तिथलं गणित वेगळंच आहे. तुमची गाडी खरंच तिथे जाणार आहे का?

आता किटचं फिटिंग. मेन हूप फॉक्सच्या छताला अगदी लागून बसला, बोटभर फट. डॅशजवळून खाली येणारे पुढचे बारही ए पिलरला (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) छान चिकटून आहेत. मागचे ब्रेस लांब दिले होते, कापून बसवायचे, ते बरोबरच आहे. स्टार कापला तो दाराच्या बारसाठी. नियमानुसार साइड बार ड्रायव्हरच्या खांद्याच्या आणि कोपराच्या मधोमध यायला हवा, आणि किटबरोबरच्या कागदावर बार जिथे दाखवलाय तिथे लावला तर माझ्यासारख्या खाली सीट लावणाऱ्या माणसाला तो खांद्याच्या वर येतो. रेसिंग सीट आधी बोल्ट करा, हेल्मेट घालून बसा, बेल्ट आवळा आणि मगच मापं घ्या. हूप हेल्मेटच्या ३ इंच तरी वर आणि डोक्यापासून ६ इंचांच्या आत, हेही तेव्हाच कळतं. इन्स्ट्रक्शनच्या नावाखाली एक झेरॉक्स टाकलीये, त्यात सीटचा 'स'ही नाही.

वेल्डिंग ज्या शॉपने केलं त्यांचं मात्र कौतुक. छताला चिकटलेल्या जॉइंटला वरून वेल्डिंगची टॉर्च जात नाही, तिथे बरेच जण खालून अर्धं वेल्ड मारून वर पुट्टी भरतात. यांनी फ्लोअरला भोकं पाडून आख्खा केज खाली सोडला, वरचे जॉइंट गोल फिरून पूर्ण केले, मग केज उचलून ६ बाय ६ इंची, ०.१२५ जाडीच्या प्लेटवर बसवला. वेल्ड ग्राइंड केले नाहीत, करायचेही नसतात, तसं केलं तर सर्टिफिकेशनच मिळत नाही. सीटजवळच्या बारवर एसएफआय ४५.१ चं पॅडिंग लावलंय. तरीही रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवताना डोक्याजवळ स्टीलचा बार आहे हे विसरू नका, म्हणून मी गाडी आता दूध आणायला नेत नाही. बायको खूश आहे.

रंग सर्टिफिकेशननंतरच द्या, इन्स्पेक्टरला वेल्ड बघायचे असतात.

पुण्याहून दोघातिघांनी विचारलंय की हेच किट मागवू का. नका मागवू. भारतात रॅलीच्या गाडीला एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) मापांवर केज बनतो, कोल्ड ड्रॉन सीमलेस (वेल्डचा जोड नसलेलं) कार्बन स्टील, मेन हूपला ४५ बाय २.५ मिमी किंवा ५० बाय २. मापाची अडचण नाही, एफआयएच्या तक्त्यात ४५ बाय २.५ च्या शेजारी १.७५ बाय ०.०९५ इंचही दिलेलं आहे. अडचण सीमलेसची, कारण वर म्हटलं तसं ईआरडब्ल्यू काय आणि डीओएम काय, दोन्ही वेल्ड करूनच बनतात. स्क्रूटिनीला (रेसआधीची गाडीची तपासणी) उभा असलेला माणूस ते सोडणार नाही, आणि तोवर तुम्ही फ्रेट आणि कस्टम दोन्ही भरून बसलेले असाल.