छोट्या प्रवाळटाकीसाठी कॅनिस्टर की प्रोटीन स्किमर?

साठ-सत्तर लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत झोआन्थिड, मशरूम यांसारखे सोशिक प्रवाळ आणि क्लाउनफिशची एक जोडी ठेवायची असेल, तर गाळणीचा निर्णय टाकी भरण्याआधीच घेतलेला बरा. टाकीखाली संप, म्हणजे गाळणीची साधने ठेवायची दुसरी छोटी टाकी, बसवण्याइतकी जागा असेल, तर पुढची तुलना अनावश्यक आहे, संपच बसवावा. जागा नसेल, तर बहुतेकांपुढे दोन पर्याय उरतात : कपाटात ठेवायचा बंद कॅनिस्टर, म्हणजे पंप आणि स्पंज असलेले गाळणीचे भांडे, किंवा मागच्या काचेला अडकवायचा प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांचा फेस करून विरघळलेली घाण वरच्या कपात गोळा करणारे यंत्र. मी दोन्ही वापरले आहेत.

कॅनिस्टरचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. त्याचा आवाज जवळजवळ येत नाही, पाणी काचेसारखे नितळ राहते आणि सिरॅमिक रिंगांसाठी, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू ज्यांवर वाढतात त्या सच्छिद्र कड्यांसाठी, त्यात भरपूर जागा असते. आपल्याकडे या जागेला विशेष महत्त्व आहे. भारतीय समुद्रातील खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे समुद्रातून उचललेला प्रवाळखडक टाकीत ठेवणे योग्य नाही, आणि कृत्रिम खडकावर जिवाणूंची वस्ती सावकाश वाढते. त्या काळात रिंगांचा आधार मोठा असतो.

मात्र कॅनिस्टर घाण पाण्याबाहेर काढत नाही, तो ती धरून ठेवतो. स्पंजात अडकलेले अन्न आणि विष्ठा तिथेच कुजून शेवटी त्यांचे नायट्रेट होते, आणि ते साठले की प्रवाळांना त्रास होतो. दर पंधरवड्याला उघडून धुतला, तर ही तक्रार उरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु नळ्या सोडवणे, भांडे न्हाणीघरात नेणे आणि पुन्हा हवा काढून पंप सुरू करणे हे काम माणूस पुढे ढकलतो.

माझा निर्णय मात्र नायट्रेटने नव्हे, विजेने केला. पावसाळ्यात आमच्या भागात वीज तासन्‌तास जाते. पंप थांबला की बंद भांड्यातले पाणी साचून राहते, रिंगांवरचे जिवाणू त्यातला प्राणवायू संपवतात, मग तेच मरू लागतात, आणि वीज आली की ते कुबट पाणी आपोआप टाकीत ढकलले जाते. घरात कोणी असेल, तर कॅनिस्टर आधी रिकामा करता येतो. आम्ही दोघेही दिवसभर कामावर असतो, त्यामुळे पाऊस सुरू झाला की माझे लक्ष कार्यालयात कमी आणि घरच्या टाकीकडे अधिक असे. संध्याकाळी दार उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला आणि सगळे झोआन्थिड मिटलेले दिसले, त्या दिवशी माझ्यापुरता प्रश्न सुटला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि जे पंप त्यावर जोडतील, त्यांना ही अडचण कदाचित जाणवणारही नाही.

स्किमरही निर्दोष नाही. नवा असताना त्याचा फेस काही दिवस नीट जमत नाही, तेलकट अन्न घातले की बसतो, बारीक बुडबुडे टाकीत येतात आणि काठावर मिठाचे पापुद्रे धरतात. त्याची गुणगुण झोपायच्या खोलीत खटकू शकेल. तरंगणारा कचरा तो पकडत नाही, म्हणून फिल्टर फ्लॉसचा, म्हणजे गाळणीच्या कापसासारख्या थराचा, एक तुकडा वेगळा लावावा लागतो आणि तो दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. तयार झालेले नायट्रेटही तो काढत नाही. त्यासाठी पाणी बदलणे आलेच.

पण विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये कुजण्याआधीच बुडबुड्यांना चिकटून कपात जमतात, आणि तो तपकिरी, उग्र वासाचा द्रव थेट मोरीत ओतता येतो. शिवाय पाण्यात सतत हवा मिसळते. उन्हाळ्यात टाकीचे तापमान 28–29 अंशांवर गेले की पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा माझे मासे स्किमरमुळे अधिक स्वस्थ वाटतात. मोजमाप मी केलेले नाही. वीज गेली तर तो नुसता थांबतो, कारण त्याच्या पोटात साठून सडण्यासारखे फारसे काही नसते. पुन्हा सुरू होताना कप भरून वाहू शकतो, म्हणून मी तो वेळेवर रिकामा करतो.

केवळ मऊ प्रवाळ, मोजके मासे आणि दर आठवड्याला पाणी बदलण्याची शिस्त असेल, तर कॅनिस्टरवरही टाकी चांगली चालू शकेल. स्किमर घेणार असाल, तर खरेदीपूर्वी टाकी आणि भिंत यांच्यातली मोकळी जागा मोजा, आणि कप वर उचलून काढता येईल इतकी उंची झाकणाखाली किंवा दिव्याखाली आहे का, तेही पाहा.